बीपच्या पुढचं वाक्य

अंधेरीला एका मराठी वाहिनीच्या कचेरीत मी शब्द कापायचं काम करते. विनोदी कार्यक्रम आणि मालिका प्रसारित होण्याआधी बघायच्या, कुठे शिवी आहे, कुठे जातीवरून, प्रांतावरून, रंगावरून कुणाला टोचलं आहे ते मिनिट-सेकंदासह टिपायचं आणि ठरवायचं: ठेवा, कापा किंवा बीप टाका. बीप म्हणजे शब्दाच्या जागी येणारा तो टूऽऽ आवाज. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. सून मात्र तिच्या मैत्रिणींना सांगायची, "आमच्या आई शिव्या पकडतात." पोलीस चोर पकडतात तशा थाटात.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी, औषधांची यादी, नवऱ्याला कुठल्या दिवशी कुठला व्यायाम याची यादी. कचेरीत संगणकावरचा तक्ता सगळ्यांसाठी असतो, पण माझी स्वतःची एक वही आहे. तिच्यात चार रकाने: शब्द काय, कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, हसू कुणावर येतं. चौथा रकाना मी घातलेला. कामावर नव्या येणाऱ्यांना मी तोच आधी समजावते. शब्द सुटा बघू नका. मूर्ख माणूस मूर्खासारखं बोलला आणि लोक त्याला हसले, तर राहू द्या. सगळंच कापत बसलो तर मूर्ख माणूस मूर्ख आहे हे दाखवणार कसं? हे मला आजही पटतं. म्हणून पुढचं लिहिताना हात अडखळतो.

आम्ही बोरिवली पश्चिमेला राहतो. नवरा महापालिकेतून निवृत्त झालेला. मुलगा जहाजावर इंजिनियर, सहा-सहा महिने समुद्रावर. सून मिझोरमची. दोघं पुण्याला शिकताना भेटले, चार वर्षांपूर्वी लग्न झालं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, मालाडच्या एका दवाखान्यात. मराठी तिने पेशंटांकडून उचललं, त्यामुळे तिचं मराठी अर्धं विनवणीचं आणि अर्धं दमदाटीचं. "बाबा, चीटिंग नको. दहा म्हणजे दहा. नऊला गुडघा बरा होत नाही." नवरा माझं ऐकत नाही, तिचं ऐकतो. जहाजावर निघताना मुलगा दर वेळी दारात बूट घालता घालता मला सांगतो, "आई, तू आहेस ना." मी म्हणते, "आहे."

एका रविवारी तिच्या दोन मैत्रिणी जेवायला आल्या होत्या, दोघी तिच्याच गावाकडच्या. एक अंधेरीत सलूनमध्ये काम करते, दुसरी विमान कंपनीत. नवऱ्याने सकाळी बाजारात जाऊन ताजे बोंबील आणले होते आणि मी तळत होते. ताटात शेवटचा एक राहिला तेव्हा तिघींची जुंपली. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण मध्येच सून हिंदीत ओरडली, "ए चिंकी, छोड़ ना, मेरे ससुर लाये हैं." तिघी हसून लोळल्या.

तो शब्द मी इथे एकदाच लिहिते आहे, म्हणजे वाचणाऱ्याला अंदाज करत बसायला नको. ईशान्येकडच्या माणसांना डोळ्यांच्या ठेवणीवरून इकडे जो चिकटवतात, तो. माझ्या वहीत तो कायम 'कापा'मध्ये होता.

मैत्रिणी गेल्यावर भांडी आवरताना मी तिला विचारलं, "तुम्हाला चालतो हा शब्द?"

"आमच्यात चालतो, आई," ती म्हणाली आणि ताट पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी वहीत त्या शब्दापुढे पेन्सिलीने लिहिलं: आपापसात, थट्टेत, चालतो. मला बरं वाटलं होतं. आपल्याकडे घरातली माहिती आहे, कचेरीत कुणाकडे ती नाही, असं काहीतरी.

महिन्याभराने एका विनोदी मालिकेचा भाग माझ्यासमोर आला. एका हाउसिंग सोसायटीची गोष्ट होती. सोसायटीचा सेक्रेटरी आगाऊ, प्रत्येक भागात त्याची फजिती ठरलेली. या भागात ईशान्येकडची एक मुलगी भाड्याने राहायला येते. सेक्रेटरी खाली सगळ्यांसमोर तिला हाक मारतो, तोच शब्द वापरून, दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे ताणून: "ए अमुक, डोळे उघड, मुंबई आली." मुलगी शांतपणे बॅग खाली ठेवते आणि स्वच्छ मराठीत म्हणते, "उघडेच आहेत, काका. म्हणून तर तुम्ही गच्चीवर दुसऱ्यांच्या वाळवणातले पापड खिशात घालताना दिसलात." मग बायका त्याला घेरतात, त्याच्या झब्ब्याच्या खिशातून पापडाचा चुरा निघतो. चार मिनिटांचा प्रसंग. मी एकटीच बघत होते आणि मोठ्याने हसले.

लेखकाने फोन केला. "मॅडम, तो शब्द कापू नका. शब्दच नसला तर तिच्या उत्तराला जोर कुठून येणार?"

"मला समजावू नका," मी म्हटलं. "कापत नाहीये."

वहीत लिहिलं: सेक्रेटरी म्हणतो, मुलीला म्हणतो, हसू सेक्रेटरीवर. ठेवा. पेन्सिलीची ती जुनी नोंदही पाहिली. आता मला दिसतं की तिथे मी 'आपापसात' लिहिलं होतं आणि सेक्रेटरी तिच्या आपापसातला नव्हता. पण त्या दिवशी मला ती नोंद परवानगीसारखी वाटली.

चूक मात्र तिथे झाली नाही. त्या भागाबद्दल आजतागायत कुणाची तक्रार नाही. चूक झाली प्रोमोत. प्रोमो म्हणजे कार्यक्रमाची वीस सेकंदांची जाहिरात, दिवसभर कुठल्याही वेळी लागणारी. आमच्याकडे पद्धत अशी की भाग एकदा मंजूर झाला की त्यातून काढलेल्या प्रोमोचा पुन्हा संदर्भ बघायचा नाही, फक्त शब्द बघायचे. प्रोमो मुलंही बघतात म्हणून त्यात एकही वावगा शब्द नको, एवढाच नियम. संध्याकाळी प्रोमोंची यादी येते, दहा-बारा असतात, मी निघायच्या घाईत असते. हा आठवा होता. सेक्रेटरी डोळे ताणतो, "ए टूऽऽ, डोळे उघड, मुंबई आली," मागून हशा, मग मालिकेचं नाव आणि वेळ. शब्दावर बीप होती. मी बरोबरची खूण केली आणि नववा उघडला.

घरी तो पहिल्यांदा लागला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. नवरा खळखळून हसला. मग त्याचा घास हातातच राहिला. त्याने सुनेकडे बघितलं नाही, वरणाच्या वाटीकडे बघितलं.

"हे तुमच्याच चॅनलचं ना, आई?" ती म्हणाली.

"हो. पण पुढे ती त्याची चांगली जिरवते. पूर्ण बघ तू."

"बघेन."

तिने खरंच पूर्ण भाग बघितला, मोबाइलवर. पापडाच्या ठिकाणी ती हसली, तेही मी स्वयंपाकघरातून ऐकलं. विषय संपला असं मी धरून चालले.

त्यानंतर दोन आठवडे गेले असतील. मी भाजी घेऊन येत होते आणि आमच्या गल्लीत तीसेक पावलं पुढे मला तिची पाठ दिसली. हाक मारणार होते. वळणावर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर कॉलेजातली चार-पाच मुलं नेहमी उभी असतात, दोन बाइक आडव्या लावून. ती त्यांच्यासमोरून गेली आणि त्यांच्यातल्या एकाने तोंडाने आवाज काढला. टूऽऽ. लांब, बारीक, अगदी आमच्या मशीनसारखा. दुसरा म्हणाला, "डोळे उघड, मुंबई आली." बाकीचे हसले. ती चालत राहिली, मान सरळ ठेवून. एक जण मोबाइल समोर धरून तिच्या मागे आठ-दहा पावलं गेला.

मी काही केलं नाही. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. माझ्या हातात दोन पिशव्या होत्या, मी बावन्न वर्षांची, त्या गल्लीत तीस वर्षं राहिलेली बाई, आणि माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. मला फक्त तो टूऽऽ ऐकू येत होता. शब्द मी काढला होता. त्या मुलांनी शब्दाची रिकामी जागाच उचलली होती.

घरी ती काही बोलली नाही. मीही नाही. पण मी वेळा बघणारी बाई आहे. ती एरवी सात-दहाला घरात असते. माझ्या लक्षात आलं की गेले काही दिवस सात-पंचवीस होत होते. म्हणजे बहुतेक दिवशी ती गल्ली टाळून शाळेकडून वळसा घालून येत होती. म्हणजे मी पाहिलं ते पहिल्यांदा घडलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी भीती सात वाजता सुरू व्हायची. सात ते सात-पंचवीस मी काहीही धड करू शकत नव्हते. डाळीला दोनदा फोडणी घातली. एका संध्याकाळी काही निमित्त काढून मेट्रो स्टेशनपर्यंत गेले आणि तिला भेटले. "अरे, आई, इकडे कुठे?" "कोथिंबीर संपली होती." दुसऱ्या दिवशी लिंबं संपली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, आपलं घर आहे की हॉटेल? रोज काय संपतं?" मी जाणं थांबवलं. तिला कळू नये, ही दुसरी भीती होती. शिव्या पकडणाऱ्या बाईनेच ही सोडली आहे, हे तिला कळू नये.

कचेरीत मी प्रोमो काढून टाकायला सांगितलं. आमचे विभागप्रमुख माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत, हुशार आहेत, माणूस म्हणून वाईट नाहीत.

"कारण काय लिहू, मॅडम?" त्यांनी विचारलं. "शब्दावर बीप आहे. भाग तुम्हीच पास केलाय. शेवटी ती मुलगीच जिंकते. संदर्भ बघा, हे तर आम्ही तुमच्याकडूनच शिकलो."

"प्रोमोत ती जिंकताना दिसत नाही."

"प्रोमोत सगळंच दाखवलं तर भाग कोण बघेल?"

खरं कारण सांगायचं तर गल्ली सांगावी लागली असती, सून सांगावी लागली असती. मी म्हटलं, बघते, लिहून देते. आणि दिलं नाही. दोन दिवस, चार दिवस. मी, जिच्या यादीतलं काम कधी पुढच्या दिवसावर जात नाही.

मग तो गुरुवार आला. सात-दहा झाले, सात-पंचवीस झाले, पावणेआठ झाले. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. नवऱ्याने टीव्ही बंद केला. तो म्हणाला, "दवाखान्यात उशीर झाला असेल," आणि म्हणता म्हणता चपला घालायला लागला. दवाखान्यात विचारलं तर ती सहालाच निघाली होती. मी त्याला शाळेकडच्या रस्त्याने पाठवलं आणि स्वतः गल्लीने निघाले. लिफ्टची वाट न बघता चार मजले उतरले. माझ्या डोक्यात मुलाचा आवाज होता आणि मी मनाशी उत्तरं जुळवत होते, जहाजावर काय सांगायचं, कुठल्या शब्दांत सांगायचं. असल्या वेळीसुद्धा मी शब्दच निवडत होते.

झेरॉक्सच्या दुकानाबाहेर ती मुलं होती. त्या दिवशी ज्याने तोंडाने आवाज काढला होता, तो मला बघून पुढे आला. शेजारच्या इमारतीतला, लहानपणी आमच्याकडे गणपतीचा प्रसाद घ्यायला यायचा.

"काय झालं, काकू? काकांना काही…?"

"माझी सून दिसली का?"

"वहिनी? मगाशी आल्या होत्या इथवर. मग परत फिरल्या, स्टेशनच्या बाजूला. अर्धा तास झाला."

वहिनी म्हणाला. आदराने. मला त्याचा जितका राग आला त्याहून जास्त भीती वाटली, कारण तो चेहऱ्याने गुंड नव्हता. गुंड असता तर काय करायचं ते मला माहीत होतं.

"परत का फिरली?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. मागून दुसरा म्हणाला, "दोघं बाइकवर तिच्या मागे-मागे स्लो चालले होते, काकू. मोबाइलवर ते 'डोळे उघड'चं रील लावून. आमच्यातले नव्हते. गोराईकडचे असतील."

"आणि तुमच्यातलं कोण तिला ते म्हणतं?"

"काय ते?"

मी तो आवाज काढू शकले नाही. "टीव्हीवरचं."

"ते होय," तो प्रसादवाला म्हणाला, आणि खरोखर सुटल्यासारखा हसला. "मस्करी, काकू. टीव्हीवरचंच आहे. आणि आम्ही तो शब्द बोलतच नाही. बीप आहे ना त्यात."

मी स्टेशनकडे निघाले. चालत होते का धावत होते ते आठवत नाही. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि मागून येणारी प्रत्येक बाइक मला त्या दोघांचीच वाटत होती. मनात एवढंच होतं की ती सापडू दे, मग काहीही होवो.

ती मेट्रो स्टेशनवर वरच्या मजल्यावर सापडली, तिकिटाच्या खिडकीशेजारी, महिला सुरक्षारक्षकाच्या टेबलाजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. मोबाइल मांडीवर पालथा. सुरक्षारक्षक बाई म्हणाली, "पाणी दिलंय त्यांना. मी म्हटलं, इथून हलू नका." मी तिच्या शेजारी खाली बसले. नवऱ्याला फोन करून सांगितलं, सापडली, तू घरी जा. मग बराच वेळ आम्ही दोघी सरकत्या जिन्याने वर येणारी माणसं बघत होतो.

"फोन का नाही उचललास?"

"उचलला असता तर रडले असते," ती म्हणाली. "मला याचाच राग येतो, आई. मी दिवसभर लोकांना पायावर उभं करते आणि इथे माझेच पाय गेले."

"त्यांनी हात लावला?"

"नाही. काही नाही केलं. नुसते मागे. मी थांबले की थांबायचे. सारखं तेच वाक्य." ती थांबली. "पोलिसांना काय सांगू? त्यांनी शिवीसुद्धा दिली नाही."

तेव्हा मी सांगितलं. आठवा प्रोमो, बीप, बरोबरची खूण, सगळं. वहीतली पेन्सिलीची नोंदसुद्धा. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या फलाट क्रमांकाच्या पाटीकडे बघत होते.

मला वाटलं, आता उठून पुढच्या गाडीने निघून जाईल.

"पूर्ण सीन बघून तुम्ही हसलात?"

"हो."

"मी पण. चांगला आहे तो." तिने बाटलीचं झाकण लावलं, काढलं. "पण या पोरांना तिचं उत्तर येत नाही. सेक्रेटरीचं वाक्य येतं फक्त. दहा जण असले तरी दहाही जणांना तेवढंच पाठ."

"तू त्या दिवशी म्हणाली होतीस, तुमच्यात चालतं…"

"आमच्यात म्हणजे आम्ही तिघी, आई." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. सुरक्षारक्षक बाईने वळून बघितलं. "बाबा तोच शब्द बोलले असते ना, त्याच टेबलावर, प्रेमाने, तरी मी जेवणावरून उठले असते. हे मला सांगायला हवं होतं का? मला वाटलं तुम्हाला कळतं. तुमचं तर कामच आहे ते."

मी उठले आणि तिला उठायला हात दिला.

ती त्या रात्री घरी आली नाही. मी तिला रिक्षाने अंधेरीला त्या सलूनवाल्या मैत्रिणीकडे सोडलं. उतरताना म्हणाली, "रागाने नाही जात. त्या रस्त्याने जायचं मला आज जमणार नाही. उद्याही नाही." मी विचारलं, मग कधी? ती म्हणाली, माहीत नाही. हे 'माहीत नाही' मी घरी घेऊन आले आणि नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवायला नको म्हटलं.

सकाळी कचेरीत पोचल्या पोचल्या मी लिहून दिलं. भागाची मंजुरी योग्य. प्रोमोची मंजुरी चुकीची. संदर्भ काढून घेतल्यावर उरलेलं वाक्य बीपसकट टिंगल करतं. खूण माझी, चूक माझी. आणि खाली, जे लिहिणार नव्हते तेही लिहिलं, की हे वाक्य माझ्या घरातल्या माणसाच्या मागे लागलं आहे. विभागप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" दुपारपर्यंत प्रोमो बंद झाला. लोकांनी त्यातून बनवलेले रील बंद होत नाहीत. ते कुणाकुणाच्या मोबाइलवर आहेत याची यादी मला करता येत नाही.

मुलाला मीच सांगितलं. फोनवर आवाज तुटत होता, त्यामुळे काही गोष्टी तीन-तीनदा सांगाव्या लागल्या, माझी चूकसुद्धा. तो एवढंच म्हणाला, "तिला परत यायचंय का ते तिला विचार. तू ठरवू नकोस."

मी विचारलं नाही. मी रोज तिच्या डब्यापुरतं काही करून अंधेरीला उतरल्यावर सलूनमध्ये ठेवून पुढे जायचे. त्या शेजारच्या मुलाच्या आईलाही भेटले. ती माझ्या वयाची, भाजीच्या गाडीवर ओळखीची. "अगं, पोरं टीव्हीवरचं बोलतात, तू एवढं मनाला काय लावून घेतेस," म्हणाली. मी तिला स्टेशनवरच्या जमिनीबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण मुलाला काय सांगणार ते बोलली नाही.

अकराव्या दिवशी दुपारी सुनेचा मेसेज आला: आज येते. गल्लीने येते. घ्यायला येऊ नका.

सात वाजता तिचा फोन आला. "आई, स्टेशनवरून उतरले. फोन चालू ठेवते. तुम्ही बोलू नका, फक्त ऐका."

मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. नवरा माझ्या तोंडाकडे बघत होता. फोनमधून रिक्षांचे आवाज येत होते, तिच्या बुटांचे, मध्येच तिचे शब्द, "डेअरी… मेडिकल… आता वळतेय." तिचा श्वास मला ऐकू येत होता, चढावर चालल्यासारखा, आणि आमच्या रस्त्याला चढ नाही. मग मुलांचे आवाज. जवळ यायला लागले. कुणीतरी हसलं. आणि तो आवाज आला. टूऽऽ. अर्धाच, पण आला.

तिची पावलं थांबली. नवऱ्याने काय झालं असं खुणेने विचारलं, मी मान हलवली.

"पुढचं येतं का रे?" ती म्हणाली. आवाज कापत होता, मला स्पष्ट कळत होतं. "त्याच्या पुढचं. पापडाचं."

"कसलं पापड?" एक मुलगा.

"तोच तर सीन आहे. सेक्रेटरीचे खिसे उलटे करतात. बघितला नाही?"

मागून एक बाइक गेली. बाइक गेली तो वेळ मला फार लांब वाटला. बाइकचा वेग कमी झाला की काय, ती थांबली की काय, असं मी कान लावून ऐकत होते. मग तोच मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "नाही बघितला, वहिनी."

"बघ मग. आणि मग बोल माझ्याशी."

पावलं पुन्हा सुरू झाली. मी मोजत होते. तेवीसपर्यंत मोजलं तेव्हा फाटकाचा आवाज आला आणि आमचा वॉचमन काहीतरी म्हणाला, ती "हो, आले" म्हणाली. मग माझ्याशी: "आई, आता लिफ्टमध्ये शिरते, नेटवर्क जाईल. घाबरू नका."

फोन बंद झाला. मी दार उघडून जिन्यात उभी राहिले. लिफ्टवरचा आकडा तळमजल्यावर होता, आणि बराच वेळ तळमजल्यावरच राहिला. मग एक झाला.